कंबर धर, खांदे सोड

पेटीच्या अंगावर एक काचेची नळी चिकटवलेली असायची, करंगळीच्या पेराएवढी. पेटी कारखान्यातून निघते तेव्हा नळी पांढरी असते. वाटेत कुठे जोराचा दणका बसला की आतला रंग फुटतो आणि नळी लाल होते. एकदा झाली की झाली. पुसून, फुंकून, गोड बोलून ती परत पांढरी होत नाही. पेटी ज्याच्या दारात न्यायची तो माणूस आपल्या तोंडाकडे बघतच नाही, आधी नळीकडे बघतो. लाल असेल तर सही करत नाही. पेटी आल्या पावली परत.

दाजींच्या गाडीतून अशा दोन पेट्या परत आल्या होत्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा माल पोचवायचा धंदा. तीन व्हॅन, एक गोदाम, गोदामाला लागून खिडकीची एक खोली. पाटीवर नाव दाजींचं, राज्य ताईचं. मी लग्नाच्या आधीपासून तिथे गाडी चालवत होते. खोलीच्या भिंतीवर चाव्यांचे तीन खिळे होते आणि तिसरा माझा होता. मग ढमी झाली. सहा महिन्यांनी मी कामावर परत आले, तेव्हा दाजींनी मला खुर्ची ओढून दिली, टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "थोडे दिवस." ते थोडे दिवस लांबत लांबत पाच महिने झाले. माझ्या खिळ्यावर आता फरशी पुसायचं फडकं लटकत होतं. रोज सकाळी मी फोनवर "बोला" म्हणायचे आणि फडक्याकडे बघायचे.

दाजी वाईट नाहीत. त्यांना वाटायचं, पोर लहान आहे, हिला दगदग नको. मला टेबलाचीच दगदग व्हायची, हे त्यांना कसं सांगणार. चाकामागे बसलं की माझे खांदे आपोआप खाली येतात. घरी ढमीला थोपटताना तसे येतात, आणि दुसरीकडे कुठेच नाही.

पेटीतलं यंत्र रक्त तपासायचं होतं. डोंगरावरच्या एका छोट्या दवाखान्याने ते मागवलं होतं. तिथे यंत्र नव्हतं म्हणून प्रत्येकाच्या रक्ताची बाटली दोन तास खाली पाठवायची आणि उत्तराची तीन दिवस वाट बघायची. पहिली पेटी लांब्याने नेली. लांब्या म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात घाईचा ड्रायव्हर. नळी लाल. सगळ्यांनी लांब्याला धुऊन काढलं. दुसरी पेटी दाजींनी स्वतः नेली. इतकी हळू नेली, की सायकलवाला त्यांच्या पुढे गेला, वर थांबून त्याने चेन बसवली आणि परत पुढे गेला. हे दाजींनीच सांगितलं, वैतागून. नळी लालच.

"रस्ताच तसला आहे," दाजी म्हणाले. "त्या खडीवरून फुलपाखरू गेलं तरी लाल होईल."

कारखान्याने निरोप पाठवला की तिसरी पेटी देतो, पण ही शेवटची. ही लाल झाली तर पुढे दुसऱ्या कुणाची तरी गाडी बघू. त्या दिवसापासून लांब्याची कंबर दुखायला लागली आणि दाजींना खालच्या गावात अचानक कामं निघाली.

मी फोन ठेवला आणि म्हटलं, "तिसरी मी नेते."

दाजींनी चष्म्यावरून बघितलं. "मेहुणीबाई, तुमची अजून झोप नीट होत नाही."

"म्हणून तर जागी असते मी."

ताई आतल्या टेबलाशी होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही दोघांनी नेली, लाल झाली. तिने नेली तर फार तर काय होईल? लालच होईल ना?"

दाजींनी कान खाजवला. ताईपुढे हरले की ते कान खाजवतात. "बरं," ते म्हणाले. "नळी पांढरी पोचली, तर ते फडकं काढ आणि चावी लाव. लाल झाली, तर टेबल आहेच. मग मात्र कुरकुर ऐकणार नाही."

"आणि पांढरी पोचली तर फोन कोण उचलणार?"

"ते पांढरी पोचल्यावर बघू," दाजी म्हणाले. ती वेळ येणार नाही याची त्यांना खात्री होती.

आता मामांबद्दल सांगायला हवं. माल बांधायचं काम गाठीमामांचं. ते कुणाचेच मामा नाहीत आणि सगळ्यांचेच आहेत. तीस वर्षं त्यांनी दोराने बांधलं. मग पट्टे आले. रॅचेटची मूठ मागेपुढे केली की कट्‌कट् करत पट्टा आवळत जातो. मामांनी आधी नाक मुरडलं आणि मग त्या पट्ट्यांच्या प्रेमात पडले. त्यांची एक पद्धत होती. पट्टा आवळून झाला की ते त्याच्यावर नखाने टिचकी मारायचे. "टंग" असा आवाज यायला हवा. नाही आला तर अजून दोन कट्‌कट्. पट्टा गायला पाहिजे, असं ते म्हणायचे. पट्टा गायला की ते गाडीच्या दाराला थाप मारायचे आणि मगच गाडी निघायची. आमच्याकडे नवा माणूस आला की पहिल्या दिवशी तो टिचकी मारायला शिकायचा, दुसऱ्या दिवशी क्लच. मीही तशीच शिकले. चार वर्षांत माझ्या गाडीतलं एक कपाट कधी हललं नाही की एक आरसा कधी तडकला नाही, ते त्या टिचकीमुळेच, असं मला वाटायचं.

दोन्ही पेट्यांचे पट्टे गायले होते. मामा शपथेवर सांगत होते. "मी बांधलेली पेटी जागची केसभर हलली नाही. दार उघडलं तेव्हा जशीच्या तशी उभी."

हे खरं होतं. लांब्या म्हणाला, दाजी म्हणाले, दोघांनीही तेच सांगितलं. हललीच नाही, आणि तरी लाल.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

त्या रविवारी सकाळी नवरा बेकरीतल्या रात्रपाळीवरून आला होता आणि अंगाला पावाचा वास तसाच घेऊन पलंगावर आडवा झाला होता. मी ढमीला गुडघ्यावर बसवून घोडा घोडा करत होते. अकरा महिन्यांची, गोल, नावाला जागणारी पोर. नुकतेच चार दात आलेले, वर दोन, खाली दोन, आणि ते जगाला दाखवायचा नाद. मी तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले होते, पडू नये म्हणून, आणि गुडघा उडवत होते. तिसऱ्या उडीला तिचे दात कट्‌कन आपटले, जीभ चावली गेली आणि तिने भोकाड पसरलं.

"खांदे कशाला दाबतेस?" नवरा डोळे न उघडता म्हणाला. "वरून दाबलीस की सगळा दणका तिच्या डोक्यात जातो. कंबर धर, खांदे सोड."

"तुला कुणी शिकवलं?"

"तिनेच. तू कामावर असतेस तेव्हा आमचा घोडा रोज असतो."

मी तिचे डोळे पुसले, कंबर धरली, खांदे सोडले. गुडघा तितकाच उडवला, मुद्दाम थोडा जास्तच. ढमी वरच्या अंगाने डुलली, फांदी डुलावी तशी, आणि खदाखदा हसायला लागली. चारी दात दिसले. एकही आपटला नाही.

मी गुडघा थांबवला. ढमीने "हं?" केलं, पुढे चल या अर्थी.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"पेटीला पाय आहेत," मी म्हटलं.

त्याने एक डोळा उघडला. "पेटीला?"

पहिल्या पेटीतलं यंत्र कारखान्याने परत नेलं होतं, पण तिचं रिकामं खोकं गोदामात पडून होतं. दाजींनी त्यात जुन्या गोधड्या कोंबल्या होत्या. सोमवारी सकाळी मी फोन ताईकडे दिला आणि त्या खोक्याशेजारी जमिनीवर आडवी पडून खाली बघितलं. माझ्या आठवणीत होतं तसंच होतं. खाली लाकडी चौकट, वर पेटी, आणि दोन्हींच्या मध्ये चार कोपऱ्यांना चार रबरी पाय, जाडजूड, बोटाने दाबले की दबणारे. कारखान्याने ते दणका पिऊन टाकण्यासाठी बसवले होते. आणि आम्ही काय करत होतो? पेटीच्या डोक्यावरून दोन पट्टे टाकून ते गाईपर्यंत आवळत होतो. चारी पाय दाबून सपाट करत होतो. मग खड्ड्याचा दणका चाकातून फळीला, फळीतून पेटीला, मध्ये थांबायला जागाच नाही. पेटी हलली नाही हे खरंच होतं. हलू दिली असती तर वाचली असती. दाजी सायकलच्या मागे राहिले काय आणि लांब्या वाऱ्याच्या पुढे गेला काय, दोघांनी पोरीचे खांदे दाबूनच घोडा केला होता.

हे मामांना सांगायचं म्हणजे तीस वर्षांना सांगायचं. मी दोन कप चहा घेऊन गेले.

"मामा, पट्टा डोक्यावरून नको. खालच्या चौकटीतून ओवून फरशीच्या कड्यांना बांधू. चौकटीला चारी बाजूंनी ठोकळे ठोकू, म्हणजे ती सरकणार नाही. वरच्या पेटीला नुसता एक पट्टा सैलसर, मध्ये गोधडी घालून, कलंडू नये इतपत."

मामांनी चहाचा घोट घेतला. "सैल."

"सैलसर."

"माझ्या गाडीत सैल पट्टा." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरी, मी तुला बांधायला शिकवलं तेव्हा तुझी वेणी होती. लोक म्हणतील, गाठीमामा म्हातारा झाला, हातात जोर राहिला नाही."

"लोक म्हणोत. नळी काय म्हणते ते बघू ना."

"नळी कारखान्याने लावली. कारखान्यातल्या माणसाने कधी गाडी बांधली आहे?"

"पाय पण कारखान्यानेच लावलेत. उगीच लावले असतील का?"

मामांनी कप परत उचलला. मग मी म्हटलं, "तुम्ही आत बसून बघा. मी बोलतच नाही."

आम्ही रिकाम्या खोक्यात पेटीच्या वजनाएवढ्या खिळ्यांच्या पिशव्या भरल्या, व्हॅनमध्ये चढवलं आणि मामांनी आपल्या पद्धतीने बांधलं. टिचकी मारली. टंग. मी खोक्यावर त्यांचा भरलेला कप ठेवला, त्यांना शेजारी बसवलं आणि अंगणात एक जाड फळी आडवी टाकून तिच्यावरून गाडी नेली, हळू, दाजींच्या चालीने. मागून मामांचं जे काही ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चहा त्यांच्या शर्टावर होता.

मग मी सांगितलं तसं बांधलं. मामांनी मदत केली नाही, नुसते बघत राहिले. कप परत भरला. त्याच फळीवरून गाडी नेली, तितक्याच चालीने. मागून आवाज आला नाही. मी उतरून मागचं दार उघडलं. खोकं अजून जरासं डुलत होतं, पोटभर दूध पिऊन पोर डुलते तसं. कपात चहा काठापर्यंत होता, एक थेंब कडेवरून खाली ओघळला होता.

मामांनी कपाकडे बघितलं, फळीकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं. मग कप उचलला आणि चहा पिऊन टाकला.

"गार झाला," ते म्हणाले. "उद्या किती वाजता निघायचं?"

सकाळी सात वाजता निघालो. ढमीला नवऱ्याच्या खांद्यावर दिलं तेव्हा ती त्याचा कान धरून बसली होती. माझ्याकडे बघून तिने हात हलवला नाही, नुसती बघत राहिली. मी मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर पाच मिनिटं गेली असती, आणि ती पाच मिनिटं मी वरच्या रस्त्यासाठी राखून ठेवली होती.

दाजी गोदामाच्या दारात उभे होते. त्यांनी आत डोकावून पट्टे बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. वरच्या पट्ट्याला त्यांनी टिचकी मारली. आवाजच आला नाही.

"मामा," ते म्हणाले, "हे काय?"

"मला काय विचारता," मामा म्हणाले. "मी म्हातारा झालो."

दाजींनी पेटीवरची नळी बघितली, पांढरी. मोबाइलवर तिचा फोटो काढला. ताईने खिडकीतून हाताने जा म्हणून सांगितलं.

दहा मिनिटांनी मी गाडी कडेला घेतली. हे मामांनीच पूर्वी शिकवलेलं. पहिल्या दहा मिनिटांत माल आपली बूड टेकायची जागा शोधतो, पट्टे थोडे ढिले पडतात, तेव्हा थांबून बघायचं. चौकटीचा डावा पट्टा खरंच सैलावला होता. दोन कट्‌कट् केल्या. ठोकळे दाबून बघितले, पक्के होते. नळी पांढरी.

पहिला दीड तास चांगला रस्ता होता. मामा शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. मधूनमधून त्यांची बोटं मांडीवरच टिचकी मारायची. मी ऐकलं नाहीसं दाखवलं. आरशात आमच्या सीटमागच्या पत्र्यातली काच दिसत होती आणि काचेतून पेटीचा कोपरा, आणि तो कोपरा हलत होता. पाणी हलतं तसा, हळू. चार वर्षं आरशात हलणारा माल दिसला की माझा पाय ब्रेकवर जायचा. आता न हलला तर जाणार होता. सवय मोडायला वेळ लागतो, माझ्या पायालाही.

चढ सुरू व्हायच्या आधी एक पेट्रोल पंप होता. मी आत जाऊन तोंड धुतलं. दूध भरून आलं होतं, छाती दगड झाली होती. दार लावून थोडं मोकळं केलं, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बाहेर आले. मामा गाडीच्या मागच्या बाजूने येत होते, हात पुसत, अगदी निरागस चेहऱ्याने. ढमी जमिनीवरचं काहीतरी तोंडात घालून वर बघते तो चेहरा.

"काय केलंत मामा?"

"काय करणार? बघून आलो."

मी मागचं दार उघडलं. वरच्या पट्ट्याला टिचकी मारली. टंग.

मामा दूरवर डोंगराकडे बघत होते.

"मामा."

"हात शिवशिवले गं," ते म्हणाले. "वरती चढ आहे, वळणं आहेत. तो पट्टा असा लोंबकळताना बघवेना. झोपेतसुद्धा हात जातो माझा. जाणूनबुजून नाही केलं."

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. इथून पुढे अर्धा तास नुसती खडी होती, आणि मी तोंड धुऊन तशीच गाडीत बसले असते, न बघता निघाले असते तर? नळीकडे बघितलं, पांढरी. मी रॅचेटची कळ दाबली, पट्टा सोडला, गोधडी सारखी केली आणि हाताचा तळवा आत जाईल इतका सैल ठेवून परत लावला. मग मामांचा हात धरून त्या फटीत घातला.

"एवढी जागा तिची आहे," मी म्हटलं. "ती घेऊ द्या तिला."

मामांनी तळवा थोडा वेळ तिथेच ठेवला. मग काढला आणि पुढे येऊन बसले. "आता मला हातकडी घाल," ते म्हणाले. मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि सांगितलं की दवाखाना येईपर्यंत ही दोन्ही हातांनी धरून बसायची. बसले बिचारे.

खडी सुरू झाली. पहिल्या खड्ड्याला पूर्ण गाडी खडखडली, आरसा थरथरला, माझे दात आपटले. मागे पेटी डुलली आणि थांबली. दुसऱ्याला डुलली, थांबली. मी गाडी दाजींपेक्षा जोरात नेत होते आणि लांब्यापेक्षा हळू. खड्डा दिसला की तिरपी न घालता सरळ घालायची, दोन्ही चाकं एकदम उतरायला हवीत, नाहीतर पेटी बाजूला झोकांडी खाईल. मी मनात घोडा घोडा म्हणत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं की मनात नाही, तोंडाने म्हणत होते, आणि मामांनी त्यात ताल धरला होता, बाटलीवर.

वरच्या वळणावर समोरून एक ट्रॅक्टर आला. रस्ता एकाच गाडीचा. मी ब्रेक दाबला, जितका दाबायला हवा तितका, कारण न दाबता चाललंच नसतं. गाडी खडीवरून घसरत पुढे गेली आणि थांबली. मागे लाकूड करकरलं. चौकट पुढच्या ठोकळ्यांवर येऊन टेकली होती. सरकली नाही. पेटी पुढे झुकली, गोधडीला टेकली आणि परत सरळ झाली. हे सगळं मी आरशात बघितलं. ट्रॅक्टरवाला खाली उतरून माझ्या खिडकीशी आला.

"काय नेताय एवढं जपून? बाळ आहे का मागे?"

"तसंच समजा," मामा म्हणाले. "मागे घ्या तेवढा."

त्याने ट्रॅक्टर मागे घेतला. जाताना त्याने आम्हाला सलाम केला. कशासाठी, ते कळलं नाही, पण मी तो ठेवून घेतला.

दवाखाना म्हणजे पाच खोल्या आणि एक पडवी. गाडी लागल्याबरोबर आतून दोन माणसं आली आणि त्यांच्या मागून रक्त तपासणाऱ्या बाई आल्या, पन्नाशीच्या, डोळ्यांवर चष्मा, अंगात गडद लाल स्वेटर. आधीच्या दोन्ही पेट्या त्यांनीच परत पाठवल्या होत्या. त्यांनी नमस्कार केला नाही. मी मागचं दार उघडलं, त्या आत चढल्या, पेटीसमोर वाकल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हं," त्या म्हणाल्या. मग दमल्यासारख्या म्हणाल्या, "परत लाल."

मामांच्या हातातली बाटली खाली पडली.

माझ्या डोळ्यांसमोर खिळा आला आणि खिळ्यावरचं फडकं. पेटीकडे बघत राहिले. कोपऱ्यावर खरंच लाल दिसत होतं. पण ते जरासं हलत होतं. बाई श्वास घेत होत्या, आणि लाल त्यांच्याबरोबर श्वास घेत होतं.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही जरा इकडे बाजूला या."

"कशाला?"

"तुमचा स्वेटर काचेत दिसतोय."

त्या कपाळाला आठ्या घालून दोन पावलं बाजूला सरकल्या. दारातून उजेड सरळ आत आला. काच चमकली, आणि नळी आतून पांढरी होती. ढमीच्या दातासारखी पांढरी.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नळीला नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. मग आपल्या स्वेटरकडे बघितलं. मग माझ्याकडे, पहिल्यांदाच.

"कुणी आणली गाडी?"

"मी."

"आणि बांधली कुणी?"

मी काही बोलायच्या आत मामा पुढे झाले. "पोरीने," ते म्हणाले. "मी शिकवलेली आहे ती. पण हे नाही शिकवलेलं. हे तिचं तिने काढलं."

बाईंनी सही केली. सहीला कधी इतका वेळ लागतो का? त्यांनी प्रत्येक अक्षर असं काढलं, की जणू यंत्र सहीतूनच चालू होणार होतं. मग आत जाऊन त्यांनी कुणाला तरी सांगितलं, "आलं. चांगलं आलं," आणि आतून टाळ्या ऐकू आल्या, पाचसहा माणसांच्या. तेवढ्यात कुठल्या तरी खोलीत एक तान्हं रडायला लागलं आणि माझं दूध वाहायला लागलं, जॅकेटच्या आत, थेट कमरेपर्यंत. मी तशीच उभी राहिले. भिजलेली आणि हसत. मामांनी तिकडे न बघता आपलं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं.

मी नळीचा फोटो काढून दाजींना पाठवला. मग ताईचा फोन आला.

"काय म्हणाले दाजी?"

"काही नाही," ताई म्हणाली. "कान खाजवतायत."

दुपारी चार वाजता परत आलो. माझ्या आधी मामाच गाडीतून उतरले आणि लांब्याला पकडून व्हॅनच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. त्यांचा आवाज ऐकू येत होता. "कंबर धरायची, खांदे सोडायचे. कळलं? वरून आवळलंस तर गळा आवळल्यासारखं होतं. अरे, तिला श्वास घेऊ दे." तीस वर्षं हेच सांगत आल्यासारखं ते सांगत होते. मी मध्ये तोंड घातलं नाही.

खोलीत गेले. नवरा ढमीला घेऊन आला होता. ताईने बोलावून घेतलं असणार. ढमी दाजींच्या टेबलावर बसून फोनची वायर चघळत होती. खिळ्यावर फडकं नव्हतं. व्हॅनची चावी होती, आणि चावीच्या कडीत दाजींनी चिंधीचा एक पिवळा तुकडा बांधला होता, म्हणजे माझी चावी दुसऱ्या कुणी उचलू नये.

"मेहुणीबाई," दाजी म्हणाले, "उद्या आरशांचा माल आहे. सात वाजता."

"साडेसातला," मी म्हटलं. "सातला ही दूध पिते."

दाजींनी कानाकडे हात नेला आणि खाली घेतला. "साडेसातला."

मी ढमीला उचललं. तिने माझ्या जॅकेटचा वास घेतला, नाक मुरडलं आणि मग माझ्या मानेत तोंड खुपसलं. मी तिची कंबर धरली आणि खांदे मोकळे सोडले. ती मागे रेलली, तोंड वर करून, हसत, पडायची भीती तिला ठाऊकच नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. मी सवयीने हात पुढे केला, पण दोन्ही हातांत ढमी होती. ताईने मान वर केली नाही. लांब्या बाहेर होता. फोन वाजत राहिला. शेवटी दाजी खुर्चीत बसले, ढमीने चघळलेली वायर रुमालाने पुसली, रिसीव्हर कानाला लावला आणि घसा साफ केला.

"बोला," दाजी म्हणाले.